टॉम रॉबिन्सनचा खटला नेमका कुठे हरला?

प्रश्न एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्यांनी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ नुकतीच वाचली. त्यांचं म्हणणं असं: अ‍ॅटिकस फिंचने उलटतपासात सरकारी बाजूची दाणादाण उडवली, तरी तो हरला. मग वकील म्हणून तो कुठे कमी पडला? वर त्यांचे सर म्हणतात अ‍ॅटिकस आदर्श वकील, आणि मैत्रीण म्हणते ही गोऱ्यांनी स्वतःची पाठ थोपटून घ्यायला लिहिलेली गोष्ट. यातलं कोणाचं खरं?

मी २६ वर्षं सेशन कोर्टात बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभी राहते. साहित्याची अभ्यासक नाही, पण ही कादंबरी तीन वेळा वाचली आहे आणि दर वेळी अ‍ॅटिकसशी मनातल्या मनात भांडले आहे. त्यामुळे लांबलचक उत्तर देते, कंटाळा आला तर मधले परिच्छेद गाळा.

आधी तुमच्या प्रश्नातलं गृहीत बाजूला काढू. तुम्ही असं धरून चालला आहात की पुरावा नीट मांडला की निकाल आपोआप त्याच्या मागून येतो, आणि आला नाही तर वकिलाने काहीतरी गाळलं. दुसऱ्या वर्षाला आम्हीही असंच समजायचो. खरा प्रश्न वेगळा आहे: ज्या बारा माणसांनी तो पुरावा ऐकला, त्यांना नेमकं काय पटलं नाही? माझं मत असं की त्यांना सगळं पटलं होतं. त्यांनी टॉमला दोषी धरलं ते तो खोटं बोलतोय असं वाटून नव्हे. तो खरं बोलतोय हे कळलं, आणि ते खरंच त्यांना सोसवलं नाही. हे कसं ते पुढे सांगते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हार्पर लीची ही कादंबरी १९६० ची, १९६१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. गोष्ट घडते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, मेकॉम्ब नावाच्या काल्पनिक गावात, मंदीच्या काळात. टॉम रॉबिन्सन हा २५ वर्षांचा काळा शेतमजूर, बायको आणि तीन मुलं असलेला. मेयेला युएल या १९ वर्षांच्या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. न्यायाधीश टेलर त्याचं वकीलपत्र अ‍ॅटिकसकडे देतात. एरवी अशी नेमणुकीची कामं गावातल्या नवख्या वकिलाकडे जायची. न्यायाधीशांनी मुद्दाम अनुभवी माणूस निवडला, यावरून त्यांचं मन कुठे होतं ते कळतं. सगळं सांगते ती अ‍ॅटिकसची मुलगी स्काउट, खटल्याच्या वेळी आठ वर्षांची.

आता पुरावा. मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार होता. तिचा बाप बॉब युएल डावखुरा निघतो. अ‍ॅटिकस त्याला पाकिटावर सही करायला लावतो आणि ते उघडं पाडतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. वाचकाला इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मी वाजवणार नाही. उजव्या गालावरची जखम म्हणजे मारणारा डावखुराच, हे काही गणित नव्हे. उलट्या हाताने मारलं, मान वळली, बाई खाली पडली, की हिशेब बदलतो. असा मुद्दा मी घेऊन गेले तर समोरचा सरकारी वकील दोन प्रश्नांत तो मोडेल. जास्त वजनदार गोष्ट शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, टेटच्या जबाबात आहे आणि ती बऱ्याच वाचकांच्या नजरेतून सुटते: तिच्या गळ्याभोवती सगळीकडून बोटांचे वण होते. पूर्ण गळ्याभोवती वण उमटायला दोन धड हात लागतात. टॉमकडे एकच होता.

त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे डॉक्टरला कोणी बोलावलंच नाही. शेरीफने नाही, बापाने नाही. बलात्काराच्या खटल्यात मेडिकल नाही म्हणजे माझ्यासारखीच्या दृष्टीने तो खटला पायातच लंगडा. अ‍ॅटिकस हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि दर वेळी उत्तर एकच: गरज वाटली नाही. इथे थोडं थांबा. गरज का वाटली नाही? शेरीफ टेट दुष्ट नाही, कामचुकार नाही, टॉमबद्दल त्याला आकस नाही. पण गोऱ्या मुलीने काळ्या माणसाकडे बोट दाखवलं, की त्या गावात सिद्ध करायला काही उरतच नव्हतं. डॉक्टरने तपासून आणखी काय सांगायचं? कायदा सांगत होता की सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. रीत सांगत होती की काळ्याने स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करावं, आणि केलं तरी भागणार नाही. पूर्वग्रह म्हणजे कोणीतरी तोंडाने ओकलेलं विष असं आपल्याला वाटतं. कोर्टात तो असाच भेटतो, न केलेल्या तपासाच्या रूपाने.

हे मला माझ्या कामातून ठाऊक आहे. एकदा घरफोडीच्या खटल्यात माझा अशील पारधी समाजातला होता. तपास अधिकाऱ्याला उलटतपासात विचारलं, याच्याविरुद्ध काही नसताना पहिल्याच दिवशी ताब्यात का घेतलं? त्याने अगदी सहज सांगितलं, ‘त्या भागात हेच लोक असतात ना.’ रागाने नाही, लपवूनही नाही. कोर्टात कोणाची मान वर झाली नाही, स्टेनोने वाक्य टाइप केलं आणि पुढचा प्रश्न. अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्येच रद्द झाला, पण त्याची यादी डोक्यातून निघालेली नाही. आमचा खटला सुटला, तोही जप्तीचा पंच फितूर झाला म्हणून. बाहेर आल्यावर अशिलाने हात जोडले आणि विचारलं, ‘वकीलबाई, गावात पुढची चोरी झाली की परत तुमच्याकडंच येऊ का?’ मला उत्तर सुचलं नाही.

तर मेकॉम्बकडे परत. निकाल देणारे कोण होते? बारा गोरे पुरुष, बहुतेक गावाबाहेरचे शेतकरी. एकही काळा नाही, एकही बाई नाही. अलाबामात बायकांना ज्युरीत बसता येऊ लागलं ते थेट १९६६ मध्ये, फेडरल कोर्टाच्या निकालानंतर. कादंबरीत अ‍ॅटिकस मुलांना हे समजावूनही सांगतो. आपल्याकडच्या नव्या वकिलांनी ज्युरी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्या यादीचं महत्त्व चटकन लक्षात येत नाही. टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला आठवा. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावरांसमोर विशेष ज्युरी बसली, ७ युरोपियन आणि २ पारशी. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि त्यांचा अर्थ ठरवणाऱ्या बहुसंख्यांना मराठी येत नव्हतं. टिळक स्वतः कित्येक दिवस बोलले. निकाल ७ विरुद्ध २, आणि सहा वर्षं मंडाले. तिथे ‘टिळक वकिलीत कुठे कमी पडले’ असा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्युरीची यादी लागली तेव्हाच कामाचा निम्मा निकाल लागला होता.

आणि इथेच माझं अ‍ॅटिकसशी भांडण आहे. त्यासाठी थोडा खरा इतिहास लागेल.

२५ मार्च १९३१ ला अलाबामातल्या पेंट रॉक इथे मालगाडीतून नऊ काळ्या पोरांना उतरवलं. सगळे १३ ते २० च्या आतबाहेरचे. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या मुलींनी, व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स यांनी, बलात्काराचा आरोप केला. दोन आठवड्यांच्या आत स्कॉट्सबरोच्या कोर्टात सुनावणी उभी राहिली. बचावाला एक चट्टनूगाचा जमीनजुमल्याची कामं करणारा वकील आणि एक सत्तरीला टेकलेला स्थानिक वकील, तयारीला वेळ जवळपास नाहीच. आठ जणांना मृत्युदंड. नववा १३ वर्षांचा होता. सरकारने त्याच्यासाठी जन्मठेपच मागितली होती, तरी ज्युरीतले अकरा जण मृत्युदंडावर अडून बसले म्हणून निकाल होऊ शकला नाही.

ते प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९३२ मध्ये ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’: मृत्युदंडाच्या खटल्यात नुसता नावाला वकील देऊन चालणार नाही. मग फेरसुनावणीत न्यूयॉर्कहून सॅम्युएल लाइबोविट्झ आला. रूबी बेट्सने आपला आरोप मागे घेतला. तपासणाऱ्या डॉक्टरची साक्ष आरोपाशी जुळत नव्हती. तरीही ज्युरीने १९३३ मध्ये त्या नऊ जणांतल्या हेवुड पॅटरसनला पुन्हा मृत्युदंड दिला. न्यायाधीश जेम्स हॉर्टनने तो निकाल रद्द केला, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी त्याला न्यायाधीशपदावरून घरी पाठवलं. म्हणजे बघा, प्रत्यक्षात डॉक्टर होता, फिर्यादी फिरली होती, देशातला नावाजलेला फौजदारी वकील होता, धाडसी न्यायाधीश होता, तरी ज्युरी तिथेच. अ‍ॅटिकसकडे यातलं निम्मंही नव्हतं.

लाइबोविट्झने मग मुळावर घाव घातला. त्या जिल्ह्याच्या ज्युरीच्या यादीत काळ्यांची नावंच कधी नसतात, हा त्याचा मुद्दा. यादीत काही काळी नावं सापडली खरी, पण ती मागाहून घुसडलेली. त्याने ते रजिस्टर सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि न्यायमूर्तींनी भिंग लावून शाई पाहिली. १ एप्रिल १९३५ ला ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’चा निकाल लागला: काळ्यांना पद्धतशीर वगळून बनवलेल्या ज्युरीने दिलेली शिक्षा टिकणार नाही.

आता कादंबरीचं कॅलेंडर बघा. टॉमवर आरोप आदल्या नोव्हेंबरातला, सुनावणी उन्हाळ्यातली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत स्काउट सांगते की ‘नऊ म्हाताऱ्यांनी’ सरकारचा एनआरए, म्हणजे मंदीतून उद्योग सावरायचा, कायदा मारला. नऊ म्हातारे म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल मे १९३५ चा. म्हणजे टॉमचा खटला १९३५ च्या उन्हाळ्यात चालला, नॉरिसच्या निकालानंतर काही महिन्यांनी, त्याच राज्यात. अलाबामातल्या प्रत्येक वकिलाच्या तोंडी तो निकाल असणार. आणि अ‍ॅटिकस ज्युरीच्या यादीवर हरकत घेताना आपल्याला दिसत नाही. सुनावणी दुसऱ्या जिल्ह्यात हलवण्याचा अर्जही दिसत नाही. तुमच्या ‘कुठे कमी पडला’ला माझं सरळ उत्तर हेच: उलटतपासात नाही, सुनावणी सुरू होण्याआधी.

हे बोलून झाल्यावर मला थोडं मागे यावं लागतं, कारण खुर्चीत बसून सल्ला देणं सोपं. पहिलं, आपल्याला सगळं आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांतून दिसतं. तिने पाहिलं नाही म्हणजे घडलंच नाही असं नव्हे. कागदावरच्या हरकती, ती जिथे बसून खटला बघते त्या काळ्यांच्या गॅलरीतून, दिसत नाहीत. दुसरं, लाइबोविट्झ बाहेरचा होता, काम झालं की न्यूयॉर्कला परत. अ‍ॅटिकसला त्याच गावात राहायचं होतं, त्याच लोकांची खरेदीखतं करायची होती, त्याच रस्त्याने पोरं शाळेत जाणार होती. यादीवर हरकत म्हणजे गावातल्या प्रतिष्ठितांनी यादीत लबाडी केली असं भर कोर्टात म्हणणं. तिसरं, अशी हरकत फेटाळली गेली असती तर समोरची तीच ज्युरी आणखी भडकून बसली असती, आणि आरोपी त्यांच्या हातात. मी स्वतः जिल्हा न्यायालयात अशा हरकती कमी वेळा घेतल्या आहेत आणि मागाहून झुरले आहे. अपिलासाठी मुद्दा नोंदवून ठेवायचा, की समोरच्या माणसाला दुखवायचं नाही, हा निर्णय त्या त्या दिवशी, त्या त्या चेहऱ्यांकडे बघूनच होतो. लेखिकेचे वडील अमासा कोलमन ली हेही अलाबामातल्या मन्रोव्हिलचे वकील. त्यांनी १९१९ मध्ये खुनाच्या आरोपातल्या दोन काळ्या माणसांचा, बापलेकांचा, बचाव केला. दोघांनाही फाशी झाली. त्यानंतर त्यांनी फौजदारी काम घेतलं नाही. मला यावरून त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

आता मघाशी अर्धवट सोडलेला मुद्दा, की टॉम खरं बोलला म्हणून हरला.

टॉमची हकीकत अशी. मेयेलाच्या घरावरून तो रोज कामावर जायचा. ती बोलवायची, कधी लाकडं फोड, कधी पाणी आण. तो करायचा, पैसे घ्यायचा नाही. त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. तिने वर्षभर पै पै साठवून सात भावंडांना आइस्क्रीम खायला गावात धाडलं होतं. तिने त्याला मिठी मारली, मुका घेतला. बापाने खिडकीतून पाहिलं. टॉम पळाला. सरकारी वकील गिल्मर उलटतपासात त्याला खोदून विचारतो, फुकटात एवढी कामं कशाला करायचास? आणि टॉमच्या तोंडून निघून जातं की त्याला तिची दया आली.

खटला इथे संपला. गिल्मरने ते वाक्य पकडलं आणि ज्युरीकडे बघून ते लोंबकळत ठेवलं. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची दया? दया वरून खाली जाते. दया करणारा वर असतो. युएल कुटुंब उकिरड्याशेजारी राहणारं, गावाने ओवाळून टाकलेलं. त्यांच्याकडे मोलाची एकच वस्तू होती, कातडी. टॉमने दयेच्या एका शब्दाने तीही त्यांच्या हातातून काढली. आणि ज्युरीत बसलेले अर्धे शेतकरी युएलपेक्षा फार वरच्या पायरीवर नव्हते. निर्दोष म्हणायचं तर त्यांना दोन गोष्टी मान्य कराव्या लागल्या असत्या: गोऱ्या मुलीला काळा माणूस हवासा वाटला, आणि त्या माणसाने तिची कीव केली. यापेक्षा एक निरपराध माणूस मरू दे, हे त्यांना जास्त सोपं गेलं. ज्युरीने निकालाला कित्येक तास घेतले, बारातला एक जण सुरुवातीला सोडून द्या म्हणत होता. अ‍ॅटिकसची शेजारीण मिस मॉडी याला लहान बाळाचं पाऊल म्हणते. मला तर ते तास जास्त भयंकर वाटतात. लगेच परतले असते तर म्हटलं असतं, आंधळे आहेत. इतका वेळ बसले म्हणजे त्यांना दिसत होतं.

मग टॉमला साक्षीला उभं करायचं का? आपल्याकडे आरोपी शक्यतो पिंजऱ्यात शपथेवर जात नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खालचा, शपथेविना, जबाब होतो, ‘खोटं आहे’, ‘मला माहीत नाही’, संपलं. मी आरोपीला साक्षीला घातल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. टॉमलाही गप्प बसण्याचा हक्क होता. पण त्या बंद घरात काय घडलं हे सांगणारं दुसरं कोणीच नव्हतं, आणि त्याचा हात ज्युरीने डोळ्यांनी बघणं गरजेचं होतं. बायबलवर ठेवलेला हात घसरून पडतो तो क्षण कुठल्याही दाखल्याने साधला नसता. मीही त्याला उभं केलं असतं. फक्त आदल्या रात्री तुरुंगात बसून दहा वेळा बजावलं असतं, ‘विचारलं तेवढंच बोल. का केलंस विचारलं तर म्हण, सांगितलं म्हणून केलं.’ आणि असं बजावल्याची मला लाज वाटली असती, कारण मी त्याला एवढंच शिकवत असते की तू माणूस आहेस हे ज्युरीला कळू देऊ नकोस.

मेयेलाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील, विशेषतः मी बाई वकील असल्याने. ज्या कादंबरीचा कणाच बलात्काराची खोटी फिर्याद आहे, ती आज वर्गात शिकवताना बऱ्याच मुली अस्वस्थ होतात, आणि बरोबरच आहे. पण तिथे कोणाचा शब्द का मानला गेला ते नीट बघा. मेयेलाचं ऐकलं ते ती बाई आहे म्हणून नव्हे. ती गोरी आहे आणि तिने काळ्याकडे बोट दाखवलं म्हणून ऐकलं. तिने बापाकडे बोट दाखवलं असतं तर? बाप तिला काय काय करतो याचा ओझरता उल्लेख टॉमच्या साक्षीत येतो आणि कोर्टात कोणी त्याचा पाठपुरावा करत नाही. अ‍ॅटिकस तिला ‘मिस मेयेला’ म्हणतो तेव्हा तो आपली टिंगल करतोय असं तिला वाटतं. त्या पोरीला जन्मात कोणी अहो-जाहो केलेलं नाही. उकिरड्याशेजारच्या त्या घरात फुटक्या भांड्यांतून तिने जिरेनियमची झाडं लावलेली असतात. एवढ्या तपशिलावर लेखिकेने तिच्यासाठी जागा ठेवली आहे, आणि तरी ती सुटत नाही. एका माणसाचा जीव तिच्या शब्दावर गेला.

याच्या उलट चित्र आपल्या दाराशी आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार, ‘मथुरा प्रकरण’ म्हणून आपण शिकतो. सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मेकॉम्बमध्ये डॉक्टरची गरज पडली नाही. इथे अंगावर जखमा नाहीत म्हणून तिचा शब्द पुरेसा नाही असं ठरलं. कोणत्या तोंडाचा शब्द पुरेसा आणि कोणत्या तोंडाला साक्षी-पुरावे लागतात, हे दोन्हीकडे कोर्टाबाहेरच ठरलेलं होतं. बलात्कारासाठी अमेरिकेत १९३० पासून ज्या ४५५ पुरुषांना मृत्युदंड दिला गेला, त्यातले ४०५ काळे होते. काळेच बलात्कार करत होते असा निष्कर्ष यातून काढणाऱ्याने वकिली सोडावी.

राहिला तुमच्या सरांचा आणि मैत्रिणीचा वाद. मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य आहे. टॉमला स्वतःच्या तोंडाने बोलायला एक प्रकरण मिळतं. त्याची बायको हेलन जवळपास मुकीच. निकालानंतर गॅलरीतले सगळे काळे लोक अ‍ॅटिकससाठी उठून उभे राहतात. डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं, पण मग मनात येतं की आपला माणूस मरणाच्या दारात गेला त्या घटकेला त्यांच्या मनात नेमकं काय असेल? लेखिका तिथे जात नाही. पुढे तुरुंगातून पळताना टॉमला १७ गोळ्या लागतात, आणि ती बातमी आपल्यापर्यंत येते ती अ‍ॅटिकसच्या स्वयंपाकघरातून.

सरांनाही एक गोष्ट सांगा. २०१५ मध्ये लीचं दुसरं पुस्तक आलं, ‘गो सेट अ वॉचमन’, जे तिने आधी लिहिलं होतं. त्यातला म्हातारा अ‍ॅटिकस काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र शाळांना विरोध करणाऱ्यांच्या सभेत बसतो. लोक हळहळले. मला फारसं नवल वाटलं नाही. माझ्या ओळखीत असे वकील आहेत, निष्णात, प्रामाणिक, दलित अशिलासाठी जीव तोडून लढणारे, आणि अशिलाला ऑफिसात चहा वेगळ्या कपात देणारे. अशिलाला न्याय मिळावा असं वाटणं आणि अशील आपल्या बरोबरीचा आहे असं वाटणं, यांच्यात बरंच अंतर असतं. ‘आदर्श वकील’ म्हणायचं असेल तर त्यातल्या फक्त पहिल्या अर्ध्यापुरतं म्हणा.

मैत्रिणीला सांगायला याहून धारदार गोष्ट आहे. लेखिकेच्या मन्रोव्हिल गावात १९८६ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला पकडलं. खुनाच्या वेळी तो घरी होता, मासे तळून विकायचा कार्यक्रम चालू होता, साक्षीदार ढिगाने, पण सगळे काळे. सुनावणी दुसऱ्या जिल्ह्यात हलवली, जिथे काळी वस्ती कमी. ज्युरीत ११ गोरे, १ काळा. दीड दिवसात दोषी. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. मघाशी मी अ‍ॅटिकसने खटला हलवायला हवा होता म्हणाले ना? हत्यार तेच, फक्त दुसऱ्याच्या हातात. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने वर्षानुवर्षं झगडून १९९३ मध्ये त्याला सोडवलं. मन्रोव्हिलच्या जुन्या कोर्टात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर वसंतात गावकरी या कादंबरीचं नाटक करतात. पहिले प्रयोग झाले तेव्हा मॅकमिलियन मृत्युदंडाच्या कोठडीत होता.

म्हणून ‘मग पुस्तक वाचावं का’ असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हो, पण एकटं वाचू नये. नॉरिसचा निकाल फार मोठा नाही, तो शेजारी ठेवा. आणि १७ ते २१ ही प्रकरणं पुन्हा वाचताना अ‍ॅटिकसच्या टेबलाजवळून उठा आणि वर गॅलरीत जाऊन बसा, काळ्यांच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड साइक्स यांच्या शेजारी. युक्तिवाद संपल्यावर स्काउटचा भाऊ जेम हर्षाने म्हणतो की आपण जिंकलोच. रेव्हरंड त्याला हळूच सांगतात, इतकी खात्री धरू नकोस, गोऱ्याच्या विरुद्ध काळ्याच्या बाजूने निकाल देणारी ज्युरी मी अजून पाहिलेली नाही. त्या वेळी बारा जण आत बसलेले होते आणि निकाल अजून यायचा होता.